पलटणीतली शाळा आणि आपली स्मृती

कोणत्याही समाजाची स्मृती आपोआप तयार होत नाही. ती घडवावी लागते, आणि घडवताना काही गोष्टी उचलल्या जातात, काही तशाच पडून राहतात. दलित चळवळीने आपल्या लष्करी परंपरेची जी स्मृती घडवली आहे तिच्याविषयी मला येथे काही मांडायचे आहे. या स्मृतीचे केंद्र म्हणजे कोरेगावचा विजयस्तंभ. १ जानेवारी १८१८ ची लढाई, स्तंभावरची शहिदांची नावे, त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली बावीस महार शिपायांची नावे, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन वाहिलेली आदरांजली, हा इतिहास आज कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो. दरवर्षी लाखो माणसे तेथे जातात. ज्यांच्या वाट्याला हजार वर्षे फक्त अवहेलना आली त्यांनी आपल्या शौर्याचा पुरावा दगडावर कोरलेला पाहिला आणि तो उराशी धरला, यात वावगे काहीच नाही.

परंतु शौर्याच्या या स्मृतीने दुसरी एक स्मृती झाकली गेली आहे. पलटणीने आपल्या पूर्वजांच्या हातात बंदूक दिली तशी पाटीही दिली. बंदूक निवृत्तीच्या दिवशी जमा करावी लागली. पाटी मात्र घरी आली. पुढच्या शंभर वर्षांत जे परिवर्तन घडले त्यात या घरी आलेल्या पाटीचा वाटा कितीतरी मोठा आहे. असे असूनही आपल्या गाण्यांत, भाषणांत, चरित्रांत आणि समीक्षेत पलटणीतल्या शाळेला किती जागा आहे? बाबासाहेबांच्या चरित्रांत ती येते, पण बहुधा सुभेदार रामजींची ओळख करून देण्यापुरती. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले, एवढे सांगून चरित्रकार नायकाच्या जन्माकडे वळतो. ती शाळा कशासाठी निघाली होती, तिने काय घडवले आणि ती कोणी बंद केली, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. हे प्रश्न विचारणे मला आज अत्यंत निकडीचे वाटते.

१

प्रथम ही शाळा काय होती ते पाहू. सैन्याचा डोलारा वरच्या साहेबावर उभा नसतो. तो नाईक आणि हवालदार यांच्यावर उभा असतो. इंग्रजीत यांना नॉन-कमिशन्ड ऑफिसर म्हणतात. म्हणजे सनद नाही, पण हुकूम देण्याचा अधिकार आहे. त्यांच्या वर जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर हे देशी अंमलदार. शिपायाला हुकूम ऐकता आला की भागते. हवालदाराला तो वाचता यावा लागतो. हजेरीपट, पगारपट, दारूगोळ्याचा हिशेब, रजेचा अर्ज, पहाऱ्याची पाळी या सगळ्या गोष्टी कागदावर चालतात. निरक्षर शिपाई शूर असू शकतो. निरक्षर हवालदार पलटणीच्या कामाचा नसतो.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होती. या फौजेच्या पलटणींत शाळा चालत. शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी त्या असत, आणि मुलींनाही त्यांत शिक्षण मिळे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. या शाळांना शिक्षक पुरवायचे तर शिक्षक तयार करणारी शाळा हवी. पुण्याचे लष्करी नॉर्मल स्कूल ही ती शाळा. तेथे पलटणीतल्याच माणसाला अध्यापनाचे शिक्षण देऊन पंतोजी बनवीत. खांद्यावर पट्टी असलेला पंतोजी! ज्या समाजव्यवस्थेत पंतोजी म्हणजे ब्राह्मण हे गृहीतच होते, त्या व्यवस्थेच्या कुशीत, पुण्यात, एक महार शिपाई गुरुजी होण्याचे रीतसर शिक्षण घेत होता. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातली ही फार मोठी घटना आहे. आणि आपल्या शिक्षणाच्या इतिहासग्रंथांत तिचे नावही सहसा सापडत नाही.

२

या ठिकाणी कोणी म्हणेल, म्हणजे इंग्रजांचे उपकार माना असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. उपकाराची भाषा किती पोकळ आहे ते दाखवायला एकच उदाहरण पुरे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. सरकारने न्याय मुलाच्या बाजूला आहे हे कबूल केले, पण एका मुलासाठी युगानुयुगांचे पूर्वग्रह दुखवणे बरे नव्हे अशी भूमिका घेतली. फुल्यांनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढून तेव्हा चारच वर्षे झाली होती.

आता हे दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पहा. इलाखा एक, सरकार एक, तिजोरी एक. छावणीच्या कुंपणाच्या आत महार शिपायाच्या मुलाला सरकार स्वतः शाळेत बसवते. कुंपणाच्या बाहेर त्याच जातीच्या मुलाला तेच सरकार शाळेच्या दारातून परत पाठवते. यामागचे कारण तत्त्वात शोधून सापडणार नाही. ते गरजेत सापडते. छावणीत सरकारला वाचणारा हवालदार हवा होता. गावात सरकारला वाचणारा महार नको होता. तेथे त्याला सवर्णांची शांतता हवी होती.

यातून निघणारा निष्कर्ष कडू आहे, पण तो पचवला पाहिजे. पलटणीतल्या शाळेत आपल्या माणसाला मिळालेले शिक्षण हा हक्क नव्हता. तो नोकरीच्या साहित्याचा भाग होता. जसा गणवेश, जसे बूट, तशी पाटी. आणि ज्याने बूट दिले तो ते काढूनही घेऊ शकतो. पुढे नेमके तेच झाले. पण ते होण्यापूर्वी एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती.

३

सरकारने या माणसांना हुकूम वाचायला शिकवले. ते अर्ज लिहायला शिकले. या एका फरकात आधुनिक दलित चळवळीची पहिली पाने आहेत.

गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतले निवृत्त माणूस. १८८६ साली निवृत्त होऊन ते कोकणात आले आणि लेखणी घेऊन बसले. 'विटाळ विध्वंसन' ही त्यांची पुस्तिका १८८८ ची. अस्पृश्यता शास्त्राधार नसलेली आहे हे ते सवर्णांना प्रश्न विचारून, त्यांच्याच ग्रंथांची उलटतपासणी करून सिद्ध करू पाहतात. 'अनार्य दोष परिहारक मंडळ' ही त्यांची संस्था. मला या लेखनात हवालदाराचा कागदी शिरस्ता दिसतो. तक्रार क्रमवार मांडायची, पुरावा जोडायचा, उत्तर मागायचे. संतवाङ्मयातल्या चोखोबाची वेदना देवापुढे रडते. वलंगकरांची वेदना जबाब मागते. या दोहोंच्या मध्ये काय आले, असा प्रश्न आमच्या समीक्षकांनी विचारायला हवा होता. मध्ये फुल्यांचा विचार आला हे तर उघडच आहे. पण मध्ये पलटणीतली शाळाही आली.

दापोली ही तेव्हा पेन्शनर शिपायांची वस्ती. छावणीत शिकलेली ही माणसे आपली मुले घेऊन नागरी शाळेच्या दाराशी गेली तेव्हा त्यांना धारवाडच पुन्हा भेटले. मुले व्हरांड्यात बसवायची की आत, यासाठी १८९० च्या दशकात या पेन्शनरांना झगडावे लागले. ज्याने शाळा पाहिलीच नाही तो शाळेबाहेर बसवला गेला तर नशिबाला दोष देतो. ज्याने शाळेच्या आत बसून पाहिले आहे तो व्हरांड्यात बसायला तयार होत नाही. दापोलीचा झगडा हा या दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा होता.

आमच्या ठाणे जिल्ह्यालाही या इतिहासात मोठा वाटा आहे, आणि त्याची आम्हालाच पुरेशी जाण नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड लागते. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. त्यांचे वडील सुभेदार-मेजर होते, आणि त्यांचे सहा चुलतेही सुभेदार-मेजर होते असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. एका घरात सात सुभेदार-मेजर! आम्ही हा आकडा अभिमानाने सांगतो आणि थांबतो. पण याचा अर्थ काय ते पहा. सुभेदार-मेजर हे देशी माणसाला मिळू शकणारे पलटणीतले सर्वोच्च पद. नाईक, हवालदार, जमादार या पायऱ्या चढल्याशिवाय तेथे जाता येत नसे, आणि अक्षराशिवाय त्या पायऱ्या चढणे कठीण. म्हणजे मुरबाडच्या त्या घरात सात माणसे कागद हाताळणारी, हिशेब समजणारी, हुकूम देणारी होती. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला तेव्हा आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घरांत पलटणीचे अक्षर पोहोचलेले होते.

रामजींची घरातली शिकवण पाहिली की नॉर्मल स्कूलचा पंतोजी कसा होता ते कळते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके, तर्खडकरांची भाषांतरमाला, घोकंपट्टी, पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवणे. आणि त्याबरोबर संतांचे अभंग, मोरोपंत, मुक्तेश्वर. यात कवायत आहे आणि काव्यही आहे. कबीरपंथी भक्ताची श्रद्धा आणि हवालदाराची शिस्त एका माणसात एकत्र आलेली आहे. पेन्शन घेतल्यावर रामजींची लष्करी शाळा संपली, पण घरातली शाळा चालू राहिली. तिला सरकारी मान्यता नव्हती आणि तिच्यात विद्यार्थीही थोडेच होते. त्यांतला एक पुढे देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. १९०० साली साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत नाव दाखल झालेला भिवा वर्गात वेगळा बसवला गेला, पाण्याला मोताद झाला. पण अक्षरशत्रू म्हणून तो तेथे गेला नव्हता. घरची तयारी घेऊन गेला होता.

बाबासाहेबांच्या प्रज्ञेचे स्पष्टीकरण केवळ घरच्या शाळेने होते असे मी म्हणत नाही. पण त्यांच्याभोवती चमत्काराचे वलय उभे करून, अंधारातून अचानक सूर्य उगवला अशी भाषा वापरून आपण आपल्याच तीन पिढ्यांचे कष्ट पुसून टाकतो. आपल्या काव्यातली आणि चरित्रातली ही सूर्यप्रतिमा आता समीक्षेच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजे. सूर्याला बाप नसतो. बाबासाहेबांना होता, आणि तो शाळामास्तर होता.

४

१८९०-९२ च्या सुमारास ही वाट बंद झाली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी विभागणी हे त्या काळाचे धोरण. उत्तरेकडच्या ठराविक जाती लढवय्या, आणि दक्षिणेतल्या, त्यातही अस्पृश्य जाती कुचकामी, असे शास्त्र तयार झाले. कोरेगावचा स्तंभ ज्यांच्या नावाने उभा होता त्यांनाच बिनलढाऊ ठरवले गेले. पलटणी जातवार रचल्या जाऊ लागल्या आणि महारांची भरती थांबली. यात इंग्रजांचे शास्त्र होते तशी येथील जातीची सोयही होती. सुभेदार जर महार असेल तर सवर्ण शिपायाने त्याला सलाम ठोकायचा काय, हा खरा पेच होता. शिपाईपदावर जात सहन होत होती. हवालदारपदावर ती सहन होत नव्हती, कारण तेथे हुकूम देण्याचा प्रश्न येत होता.

या बंदीविरुद्धचे अर्ज शाळेत शिकलेल्या माणसांनीच लिहिले. रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने अर्ज तयार केला असे चरित्रकार सांगतात. वलंगकरांचा अर्ज १८९४ चा. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. सरकारने या अर्जांना दाद दिली नाही.

बंदीचा अर्थ आपण सहसा नोकऱ्या गेल्या, पेन्शन गेली एवढाच लावतो. तो अपुरा आहे. भरती थांबली त्याबरोबर शाळा थांबली. शिपाई नाही तर शिपायाचा मुलगा नाही, मुलगा नाही तर पलटणीतला वर्ग नाही, वर्ग नाही तर नॉर्मल स्कूलमध्ये पंतोजी व्हायला जाणारा महार नाही. एका हुकमाने पुढच्या पिढीचे अक्षर कापले गेले. रामजींच्या पिढीला मिळालेले शिक्षण हक्क नव्हते, हे मी वर म्हटले त्याचा पुरावा हा आहे.

ज्यांची भरती चालू होती त्यांच्या शाळा मात्र वाढत गेल्या, हेही पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडली. पाठोपाठ १९२२ पासून देशी सैनिकांच्या मुलांसाठी किंग जॉर्ज लष्करी शाळांची योजना सुरू झाली. त्या निघाल्या झेलमला, जालंदरला, पुढे अजमेरला. जेथून शिपाई घ्यायचे तेथे शाळा काढायची, असा सरळ हिशेब. मराठी मुलखाजवळ, बेळगावला, अशी शाळा येईपर्यंत १९४५ साल उजाडले. हवालदारांना सनदी अधिकारी होण्यासाठी तयार करणारे किचनर कॉलेज १९२९ साली नौगावला निघाले. हीच संस्था स्वातंत्र्यानंतर आर्मी कॅडेट कॉलेज झाली, १९६४ ते १९७७ पुण्यात होती आणि मग डेहराडूनला गेली. नाईक-हवालदाराला अधिकारी करणारा हा जिना बांधला जात होता तेव्हा आपली माणसे जिन्याच्या पहिल्या पायरीवरही नव्हती. त्यांना अंगणातूनच घालवून दिलेले होते.

याच काळात, १९३७ साली, नाशकात डॉ. मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. तेथे स्वप्न होते अधिकारी घडवण्याचे, हिंदू समाजाच्या लष्करीकरणाचे. ज्यांनी याच मातीत पिढ्यान्पिढ्या बंदूक चालवली होती त्यांना चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी सैन्यातून काढून टाकले गेले, हा प्रश्न त्या स्वप्नाच्या केंद्रस्थानी नव्हता. मराठी विचारविश्वात 'लष्करी शिक्षण' म्हटले की नाशिकची शाळा आठवते आणि महूची शाळा आठवत नाही. स्मृतीलाही जात असते ती अशी.

५

बाबासाहेबांनी या सगळ्या इतिहासापासून काय धडा घेतला? माझ्या या लेखाचा मुख्य मुद्दा येथे आहे.

१९४१ साली ते संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते. त्यांनी महार पलटणीची मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला झाली. सुरुवातीच्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली, आणि पुढे तिचे प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात सागरला स्थिरावले. स्वातंत्र्यानंतर तिच्यात इतर समाजांचीही भरती होऊ लागली. तिच्यातून भारताला दोन लष्करप्रमुख मिळाले, १९८१ साली जनरल कृष्ण राव आणि १९८६ साली जनरल सुंदरजी. दोघांपैकी एकही महार नव्हता. रेजिमेंटचे दार सर्वांना उघडे झाले हे चांगलेच झाले. जातीच्या नावाने पलटणी राहू नयेत हा विचार मला मान्यच आहे. पण नाव आमचे आणि वरची पट्टी दुसऱ्याची, ही वस्तुस्थिती केवळ अभिमानाच्या गाण्यांनी झाकता येणार नाही.

बाबासाहेबांना ही मर्यादा दिसत होती असे त्यांच्या कृतीवरून दिसते. त्यांनी पलटण मागितली, पण शाळा पलटणीवर सोपवली नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हापासून शिक्षण आणि वसतिगृहे हा तिचा कार्यक्रम होता. १९२८ साली डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या वसतिगृहांच्या गावांत पनवेल, नाशिक, पुणे, धारवाड यांच्याबरोबर आमच्या ठाण्याचेही नाव आहे. ज्या धारवाडने १८५६ साली एका मुलाला परत पाठवले त्याच धारवाडात बाबासाहेबांचे वसतिगृह उभे राहिले, याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. ही शाळा कोणाच्या युद्धाची गरज म्हणून निघालेली नव्हती. त्यामुळे कोणाचे युद्ध संपले म्हणून ती बंद होणार नव्हती. आणि राज्यघटनेने शिक्षणातला भेदभाव निषिद्ध केला तेव्हा पाटी गणवेशापासून कायमची सुटी झाली. रामजींच्या शाळेपासून सिद्धार्थ कॉलेजपर्यंतचे हे अंतर म्हणजे नोकरीच्या साहित्यापासून हक्कापर्यंतचे अंतर आहे.

६

हे सगळे आज कशाला? मी कल्याणला शिकवतो. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली या पट्ट्यात सैन्याच्या खुणा जागोजाग आहेत. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातले कल्याण कॅम्प; फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले, १९४९ साली गावाला नाव मिळाले, पण लोक अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असाच पत्ता सांगतात. या पट्ट्यातल्या मैदानांवर पहाटे मुले धावताना दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती. त्यांत आपल्या वस्त्यांतली मुले पुष्कळ आहेत. सोळाशे मीटर किती मिनिटांत धावायचे हे त्यांना पाठ असते. भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या खाजगी वर्गांच्या जाहिराती रेल्वे पुलांवर लावलेल्या असतात, आणि आई-बाप कर्ज काढून फी भरतात.

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तिच्या रचनेप्रमाणे मुलगा चार वर्षांसाठी अग्निवीर होतो आणि तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम नोकरी मिळते. दहावीवरून आलेल्याला बारावीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय तिच्यात ठेवली आहे. म्हणजे पाटी पुन्हा एकदा गणवेशाला बांधली गेली. आणि बहुतेकांच्या बाबतीत नाईकपदाची पायरी येण्यापूर्वीच मुदत संपणार. ज्या पायरीवर रामजी, वलंगकर, मुरबाडचे ते सुभेदार-मेजर घडले ती हुकूम देणाऱ्याची, कागद वाचणाऱ्याची पायरी बहुसंख्य मुलांना दिसणारच नाही. हा प्रश्न एका जातीचा नाही. सगळ्या गरीब मुलांचा आहे. पण ज्यांच्या इतिहासात या पायरीने क्रांती घडवली त्यांनी तरी तो आधी ओळखायला हवा.

मुलांनी सैन्यात जाऊ नये असा सल्ला मी देत नाही. पोटाचा प्रश्न असलेल्याला दूर बसून उपदेश करणे सोपे असते. पण जाताना कोणत्या दाराने जायचे याचा विचार करायला शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे. सैन्यात आजही पदवीधर शिक्षकाला हवालदार म्हणून घेणारी एक शाखा आहे, आर्मी एज्युकेशन कोअर. तिचे केंद्र पचमढीला आहे. रामजींच्या पदाचे हे आजचे रूप. आमच्या किती बी.एड. झालेल्या मुलांना हे ठाऊक आहे? शिपायाने पुढे आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होता येते हे मैदानावर धावणाऱ्या किती मुलांना कोणी सांगितले आहे? धावायला शिकवणारे पुष्कळ आहेत. वाचायला लावणारा पंतोजी कोठे आहे?

७

शेवटी पुन्हा साहित्याकडे येतो. दलित आत्मकथनांत शाळा येते ती बहुधा गावची शाळा. दाराबाहेर बसवणारी, पाणी नाकारणारी. त्या अनुभवाने मराठी वाङ्मयाला हलवून सोडले, आणि ते योग्यच झाले. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत आत बसवणारीही एक शाळा होती. तिचे वाङ्मय आपल्याकडे जवळजवळ नाही. पलटणीत शिकलेली मुलगी लग्न होऊन गावकुसाबाहेरच्या महारवाड्यात आली तेव्हा तिच्या अक्षराचे काय झाले? ती पोथी वाचत होती का, पत्र लिहून देत होती का, की चुलीपुढे ते अक्षर विझून गेले? ही कादंबरी कोणी लिहिली आहे काय? पेन्शनर सुभेदार गावात परतल्यावर त्याला येसकरपाळी सांगणारा पाटील आणि पलटणीचा हुकूम वाचलेले त्याचे डोळे यांच्यातले नाट्य कोणी रंगभूमीवर आणले आहे काय?

हे लिहायचे तर साधने गोळा करावी लागतील. मुरबाड, शहापूर, कल्याण परिसरातल्या जुन्या घरांत पेन्शनची पुस्तके, नोकरीचे दाखले, पितळी पदके अजून पेटीच्या तळाशी असतील. पदक जपले जाते. कागद वाळवीला जातो. विद्यार्थ्यांनी घराघरांत जाऊन विचारले पाहिजे की आजोबा कोठल्या पलटणीत होते, तसेच आजोबांना वाचायला कोणी शिकवले, आजीला येत होते का. शिक्षकांनी ही माहिती वह्यांत उतरवून घेतली पाहिजे. कार्यकर्त्यांनी १ जानेवारीच्या अभिवादनाबरोबर या वह्यांचेही वाचन ठेवले पाहिजे.

कोरेगावच्या स्तंभावरची नावे ज्यांची आहेत ते शूर होते यात शंका नाही. पण ती नावे वाचता येणारा पहिला महार कोण, आणि त्याला वाचायला कोणी शिकवले, हा इतिहास अजून लिहायचा आहे. तो आपणच लिहिला पाहिजे. दुसरा कोणी लिहिणार नाही.